गोड बातमीला लागणारा वेळ

लग्नाचा पहिला वाढदिवस उलटला, की बहुतेक घरांत एक प्रश्न डोकावू लागतो. कधी तो थट्टेच्या स्वरात येतो, कधी भाऊबीजेला माहेरी आलेल्या आत्याबाईंच्या तोंडून, कधी प्रवचनाहून परतताना शेजारणीकडून. आणि जवळजवळ नेहमी तो सुनेलाच विचारला जातो. "काही गोड बातमी?" दुसऱ्या वर्षी या प्रश्नात काळजी मिसळते. तिसऱ्या वर्षी नवस, पत्रिका आणि ऐकीव औषधे घरात येतात. पै-पैचा रोजमेळ ठेवणाऱ्या कुटुंबातही या एका बाबतीत कोणी हिशेब मांडलेला नसतो: गर्भधारणेला मुळात किती काळ लागतो आणि तो काळ कोणत्या दिवसापासून मोजायचा?

वैद्यकशास्त्राचे उत्तर पुष्कळसे स्पष्ट आहे. पंचविशी-तिशीच्या आसपासच्या निरोगी जोडप्याला कोणत्याही एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता साधारणपणे शेकडा वीस ते पंचवीस असते. म्हणजे सर्व काही सुरळीत असतानाही पाचांपैकी चार महिने रिकामे जाणे हाच निसर्गाचा नियम होय. व्यापारी वाचकांना हे गणित घसाऱ्याच्या उदाहरणाने लगेच उमजेल. यंत्रावर घटत्या शिल्लक पद्धतीने शेकडा वीस घसारा आकारला, तर शंभराचे ऐंशी होतात, ऐंशीचे चौसष्ट आणि चौसष्टाचे एक्कावन्न. तशीच शंभर जोडपी घेतली, तर तीन महिन्यांनंतर एक्कावन्न जोडपी अद्याप वाट पाहत असतील, सहा महिन्यांनंतर सव्वीस आणि बारा महिन्यांनंतर सुमारे सात. यांतील कोणाकडेही दोष नाही असे धरूनच हा हिशेब केलेला आहे, हे विसरू नये.

प्रत्यक्षात हा उतार इतका सरळ नसतो, कारण सर्व जोडप्यांची शक्यता सारखी नसते. ज्यांना लवकर दिवस जाण्याजोगे असतात ती पहिल्या काही महिन्यांतच यादीतून बाहेर पडतात आणि मागे राहणाऱ्यांत अडचण असलेल्यांचे प्रमाण वाढत जाते. जर्मनीत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपले फलनक्षम दिवस ओळखण्यास शिकलेल्या ३४६ स्त्रियांचा मागोवा घेण्यात आला. त्यांच्यापैकी शेकडा ३८ जणींना पहिल्याच चक्रात, ६८ जणींना तिसऱ्या चक्रापर्यंत, ८१ जणींना सहाव्यापर्यंत आणि ९२ जणींना बाराव्यापर्यंत दिवस गेले. दिवसांची अशी पारख नसलेल्या सर्वसाधारण जोडप्यांत वर्षअखेरीस हे प्रमाण ऐंशीच्या वर असते, आणि उरलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना दुसऱ्या वर्षात कोणत्याही उपचाराविना गर्भ राहतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना बारा महिने नियमित शरीरसंबंध असूनही गर्भ राहिला नाही तरच वंध्यत्व हा शब्द वापरते. चौथ्या महिन्यात सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून तो शब्द मनात आणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

एवढी वाट का पाहावी लागते, याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. दर महिन्याला स्त्रीच्या अंडाशयातून बहुधा एकच स्त्रीबीज बाहेर पडते आणि ते जेमतेम बारा ते चोवीस तास टिकते. शुक्राणू मात्र अनुकूल स्थितीत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे महिन्यातील फलनक्षम काळ साधारण सहा दिवसांचा भरतो: स्त्रीबीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे २२१ स्त्रियांवर झालेल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्व गर्भधारणा या सहा दिवसांतील संबंधांतूनच झाल्याचे आढळले. येथे एक गैरसमज फार रूढ आहे. 'चौदावा दिवस' हा सर्वांना लागू पडतो, असे पुष्कळजणी मानतात. वास्तविक स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते. ज्या स्त्रीची पाळी पस्तीस दिवसांनी येते, तिच्या बाबतीत तो दिवस एकविसावा ठरतो. दिवस मोजण्याचा ताण नको असेल, तर दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणे पुरेसे असते.

आता आपल्या घरांकडे पाहावे. लग्न मार्गशीर्षात झाले म्हणून मोजणी मार्गशीर्षापासून सुरू होते. पण तो काळ खरोखर प्रयत्नाचा होता का, हे कोणी विचारत नाही. मोसमाच्या खरेदीसाठी मुलगा महिन्यातून आठ-दहा दिवस सुरत वा अहमदाबादला असतो. दिवाळीच्या तोंडावर दुकान रात्री दहापर्यंत उघडे असते. आषाढात सून माहेरी जाते. अष्टमी-चतुर्दशीला, पर्युषणात, काही घरांत संपूर्ण चातुर्मासभर ब्रह्मचर्याचा नियम असतो. हे सर्व आपापल्या जागी योग्यच आहे. मात्र त्या सहा दिवसांत पतिपत्नी एकत्र नसतील, तर तो महिना हिशेबात धरता येत नाही. अशा रीतीने पाहिले, तर लग्नानंतरच्या बारा महिन्यांपैकी प्रयत्नाचे महिने पाच-सहाच निघतात, आणि घरच्यांना जे वर्ष वाटते ते वैद्यकाच्या वहीत अर्धेच भरते. डॉक्टरांकडे जाताना ही माहिती मोकळेपणाने सांगावी. तिच्याअभावी अनावश्यक तपासण्या मागे लागतात. गर्भनिरोधक गोळ्या थांबवल्यावर प्रजननक्षमता बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत परतते. तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन, जे शासकीय कार्यक्रमात 'अंतरा' या नावाने मिळते, त्याच्या शेवटच्या मात्रेनंतर मात्र सरासरी सात ते दहा महिने लागू शकतात. या काळाबद्दलही धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

याच्या उलट चूकही तितकीच होते, आणि ती अधिक महाग पडते. मुलगी सी.ए. झाली, नोकरीत स्थिरावली, बत्तिसाव्या वर्षी विवाह झाला आणि मग दोघांनी ठरवले, की दोन-तीन वर्षे थांबावे. निर्णय त्यांचा आहे. पण वयाचा हिशेब थांबत नाही. स्त्रीजवळील सर्व बीजे जन्मापासूनच असतात, नवी तयार होत नाहीत. जन्माच्या वेळी ती दहा ते वीस लाख असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पस्तिशीनंतर संख्येबरोबर त्यांचा दर्जाही वेगाने घटतो. चाळिशीत एका महिन्यातील शक्यता शेकडा पाचपर्यंत किंवा त्याहून खाली येते. तोच घसारा शेकडा पाच दराने मांडला, तर शंभरांपैकी चोपन्न जोडपी वर्षअखेरीसही वाट पाहत राहतील. म्हणून बारा महिन्यांचा नियम पस्तिशीच्या आतल्यांसाठीच आहे. पस्तीस ओलांडलेल्या स्त्रीने सहा महिन्यांनंतर, चाळीस ओलांडलेलीने प्रारंभीच तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पाळी अनियमित असेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल किंवा ओटीपोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर वय कोणतेही असो, थांबू नये. जननेंद्रियांचा क्षयरोग हे आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे, आणि तो पुष्कळदा कोणतेही ठळक लक्षण न दाखवता नुकसान करतो.

आता नाजूक विषय. सुनेच्या सोनोग्राफ्या होतात, रक्ताच्या तपासण्या होतात, प्रसंगी दुर्बिणीतून तपासणी होते; आणि मुलाची साधी वीर्यतपासणी वर्षानुवर्षे होत नाही. 'आमच्या खानदानात असे काही नाही,' असे म्हणून शेठजी विषय संपवतात. वस्तुस्थिती अशी, की गर्भधारणेत अडचण असलेल्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर आढळते. वीर्यतपासणी ही साऱ्या तपासण्यांत स्वस्त आणि वेदनारहित आहे. ती सर्वांत आधी व्हावयास हवी. ती शेवटी होते यात अर्थशास्त्रही नाही आणि न्यायही नाही. तिच्यासाठी दोन ते सात दिवस संयम पाळावा लागतो, एवढीच अट. एका अहवालावरून निष्कर्ष मात्र काढू नये. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात; त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी आलेल्या तीव्र तापाचा परिणाम आजच्या अहवालात दिसू शकतो. अहवाल सदोष आल्यास साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात. तंबाखू, गुटखा, मद्य आणि अनियंत्रित मधुमेह यांचा शुक्राणूंवर विपरीत परिणाम होतो. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना त्यामुळे पौरुष वाढते असे वाटते. परंतु त्या इंजेक्शनांनी शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंदही पडू शकते.

आहाराबाबत शाकाहारी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. बी-१२ हे जीवनसत्त्व धान्य, डाळी वा भाज्यांतून मिळत नाही. शाकाहारात त्याचा आधार दूध-दह्यावर असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळले. गर्भाच्या मज्जासंस्थेची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे समजण्यापूर्वी. म्हणून रोज चारशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड प्रयत्न सुरू करण्याआधीपासूनच घ्यावयाचे असते, आणि त्यासोबत बी-१२, हिमोग्लोबिन व थायरॉईड तपासून घेतलेले बरे. वर्षीतपासारखी दीर्घ तपश्चर्या मनात असेल, तर वजन आणि पाळी यांकडे लक्ष द्यावे. वजन फार उतरले, की स्त्रीबीज सुटणे अनियमित होते. वजन फार वाढल्यानेही तेच घडते.

जिथे वैद्यकीय साहाय्य लागते, तिथे आज मार्ग अनेक आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. त्यापूर्वी १९७८ साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे साध्य केले होते; पण त्यांना हयातीत मान्यता मिळाली नाही. आता लहान शहरांतही केंद्रे आहेत. २०२१ च्या कायद्यानुसार अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे, आणि सेवेसाठी स्त्रीचे वय एकवीस ते पन्नास व पुरुषाचे एकवीस ते पंचावन्न वर्षे असावे लागते. पैसे भरण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र पाहावे आणि यशाचे प्रमाण विचारताना छेद विचारावा. 'शेकडा साठ यश' याचा अर्थ साठ टक्के चाचण्या सकारात्मक आल्या, की साठ बालके जिवंत जन्मली? तो आकडा सुरू केलेल्या प्रत्येक उपचारचक्रामागे आहे, की ज्यांच्यात गर्भ सोडण्यापर्यंत मजल गेली तेवढ्यांमागे? आणि तो सुनेच्या वयाच्या स्त्रियांचा आहे, की सर्व वयांचा मिळून? या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे जे केंद्र देत नाही, तेथे चेकबुक बाहेर काढण्याची घाई करू नये.