जेमिमा बोलली, हे फार बरं झालं

महिला क्रिकेटचा विश्वचषक आला, जल्लोष झाला, आणि नवी मुंबईतल्या अंतिम सामन्याच्या झगमगाटात ३० ऑक्टोबर २०२५चा गुरुवार जरा मागे पडला. त्या दिवशी उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग झाला, तो सगळ्यांना पाठ आहे. जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावाही. मला मात्र ती सामन्यानंतर जे बोलली, ते धावांहून मोठं वाटतं. या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडलो, अँग्झायटीने घेरलं होतं, आईला फोन करून नुसतं रडायचो, असं तिने भर पत्रकार परिषदेत सांगितलं.

त्यावर ‘भीतीवर मात’ वगैरे मथळे आले. इथेच गल्लत होते. सामन्यातलं दडपण वेगळं आणि आठवडेच्या आठवडे छळणारी अस्वस्थता वेगळी.

दडपणाचं काय होतं, हे बऱ्यापैकी कळलेलं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सिअन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. उजव्या पायाने खेळणाऱ्या मुरलेल्या फुटबॉलपटूंना त्यांनी शंकूंमधून चेंडू काढत न्यायला लावलं. एकदा सांगितलं, पायाचा कोणता भाग चेंडूला लागतोय तिकडे लक्ष ठेवा. एकदा त्यांचं लक्ष कानावर पडणाऱ्या शब्दांत गुंतवलं. पायाकडे लक्ष दिल्यावर उजव्या पायाचा खेळ बिघडला. शब्द ऐकताना तो अधिक सफाईने झाला. डाव्या पायाचं नेमकं उलट, कारण तो अजून शिकाऊच होता! म्हणजे अंगात भिनलेली हालचाल मन पुन्हा तपासायला लागलं की ती अडखळते, आणि दडपणाखाली मन बहुधा हेच करतं. प्रयोगशाळेतली चाचणी म्हणजे काही विश्वचषक नव्हे, पण आपल्या मैदानांवर रोज दिसणारी एक गोष्ट यातून उलगडते. आयत्या वेळी सीमारेषेबाहेरून ‘कोपर वर, कोपर वर’ ओरडणारे बाबा आणि सर पोराचा खेळ सुधारत नाहीत, बिघडवतात. ते नेटमध्ये सांगायचं, सामन्यात नाही.

जेमिमाने त्या उपांत्य सामन्यात अर्धशतक साजरं केलं नाही, शतकही नाही. आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार, हे तिला मैदानात उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं होतं. लक्ष फक्त पुढच्या चेंडूवर आणि संघाच्या विजयावर राहिलं. हे शिकवता येतं, सरावाने येतं.

आठवडेच्या आठवडे छळणाऱ्या अस्वस्थतेला मात्र असल्या युक्त्या पुरत नाहीत. त्याच स्पर्धेत ती दोनदा शून्यावर बाद झाली आणि इंग्लंडविरुद्ध संघाबाहेर बसली. अशा मुलीला ‘दीर्घ श्वास घे, सकारात्मक राहा’ सांगणं म्हणजे हाड मोडलेल्याला मलम देणं. तिला आधार झाला माणसांचा. घरचे होतेच, पण संघातली अरुंधती रेड्डी, आपल्या सांगलीची स्मृती मानधना, राधा यादव यांचीही नावं तिने घेतली. अरुंधतीसमोर तर आपण रोज रडलो, असं ती म्हणाली.

मैत्रिणी मिळाल्या हे तिचं नशीब. पण सगळा भार मैत्रिणींवर टाकून चालणार नाही. गुडघा दुखावला तर फिजिओ धावत येतो, अहवाल लिहिला जातो, विश्रांती ठरते आणि परतीचा मार्गही ठरतो. मनाच्या दुखण्यालाही तीच शिस्त हवी, आणि ती वरिष्ठ संघापुरती नको, पंधरा वर्षांखालच्या निवड चाचण्यांपासून हवी. तिथली मुलगी बोलली तर ‘ही कच्ची आहे’ असा शेरा बसेल, या धास्तीनेच ती गप्प राहते. म्हणून तिने सांगितलेलं निवड समितीपर्यंत जाणार नाही, याची लेखी हमी राज्य संघटनांनी द्यावी. आणि सलग दोनदा शून्यावर बाद झालेल्या मुलीची बॅट कुठून येते हे तपासण्याआधी, प्रशिक्षकाने तिला रात्री झोप लागते का, एवढं विचारावं.