पाच मीटरांचा पाऊस

टाचणवहीत भूगोलाचा कुठलाही तास चार ओळींत बसतो. घटक: वृष्टी. उद्दिष्ट: विद्यार्थी पावसाचे प्रकार सांगतो. साहित्य: पाठ्यपुस्तक, नकाशा, खडू, फळा. गृहपाठ: स्वाध्याय. मुख्याध्यापकांची सही होते आणि वही कपाटात जाते. वर्गातला तास मात्र त्या वहीत नसतो. तो ठरतो आदल्या दिवशीच्या ऑफ तासाला, आणि तेव्हा मी स्वतःला एकच गोष्ट विचारते: उद्या या पस्तीस मिनिटांत काय सांगायचं नाही?

बी.एड.ला नेमकं उलट शिकवलं होतं. चार-पाच प्रास्ताविक प्रश्न विचारायचे, शेवटच्या प्रश्नाला मुलं गप्प झाली की हेतुकथन करायचं: ‘आज आपण प्रतिरोध पावसाचा अभ्यास करणार आहोत.’ माझ्या मते भूगोलाचे कितीतरी तास या एका वाक्यानं जागच्या जागी बसवले आहेत. उत्तराचं नाव आधीच फळ्यावर आलं तर शोधायला उरलं काय? नववीची मुलं काही खुळी नाहीत. ती व्याख्या उतरवून घेतात, खाली दुहेरी रेघ मारतात आणि खिडकीबाहेर बघायला मोकळी होतात.

नगर जिल्ह्यात, म्हणजे कागदोपत्री आता अहिल्यानगरमध्ये, भूगोल शिकवणाऱ्याची एक चैन आहे. 17,048 चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा. एका टोकाला अकोले तालुक्यात 1646 मीटरची कळसूबाई, दुसऱ्या टोकाला जामखेड-पाथर्डीची कोरडी माळरानं. मुळा-प्रवरेचं पाणी गोदावरीला जातं, कुकडी-सीनेचं भीमेला. अर्ध्या पुस्तकाला उदाहरणं घरचीच मिळतात. तरी बहुतेक वर्गांत पर्जन्यछायेचं उदाहरण म्हणून एक निनावी डोंगर काढला जातो, त्याच्या डावीकडे ढग आणि उजवीकडे कोरडं झाड.

पावसाच्या तासाची तयारी मी सुतळीपासून करते. आकडे मुलांनीच आणायचे. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो, घरात एक मोबाइल असला तरी काम भागतं. नगर शहराची वर्षाची बेरीज साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कोकणकड्यालगत घाटघर आहे. तिथे चांगल्या वर्षी पाच हजारांच्या वर. वहीत हे दोन आकडे शेजारी लिहिले तर काहीच होत नाही. पाच हजार हा परीक्षेतला एक आकडा, सहाशे हा दुसरा. पण मिलिमीटर ही लांबी आहे, तेव्हा ती मोजून तोडता येते. निळीत बुडवून वाळवलेल्या सुतळीचे तुकडे आम्ही खऱ्या मापाचे कापतो, प्रमाण एकास एक. नगरची सुतळी जमिनीवर उभी धरली तर वर्गातल्या सर्वांत बुटक्या मुलीच्या कमरेपर्यंतही पोचत नाही. घाटघरची सोडायला दोन मुलांना गच्चीवर पाठवावं लागतं. ती कठड्यावरून खाली येते, वरच्या मजल्याची खिडकी ओलांडते, आणि खाली उभी असलेली सगळी मुलं माना वर करून बघत राहतात. मध्ये भंडारदरा, राजूर, अकोले अशा सुतळ्या लावल्या की उतरंड तयार होते. दोन टोकांमधलं सरळ अंतर सव्वाशे किलोमीटरही भरत नाही.

मी एवढंच विचारते, “असं का?”

उत्तर लगेच येतं. दर वर्षी तेच येतं: “मॅडम, डोंगर ढग आडवतोय.” सगळा वर्ग माना डोलावतो. इथे ‘बरोबर’ म्हणून पुढे जाण्याचा मोह आवरणं हे या तासाचं खरं नियोजन. कारण ते उत्तर बरोबर नाही, फक्त बरोबरच्या जवळ आहे, आणि परीक्षेत त्याला गुणही मिळून जातात. म्हणून पुढचा प्रश्न लिहूनच नेते: पावसाळ्यात नगरवर ढग दिसतात की नाही? दिसतात, आठवडाच्या आठवडा आभाळ भरलेलं असतं. मग डोंगरानं अडवले ते कुठले?

वर्ग थोडा वेळ अडकतो. अडकू द्यायचा. मग टेबलाखालून सायकलची भरलेली ट्यूब काढायची. व्हॉल्व्हची पिन दाबून बाहेर येणाऱ्या हवेवर बोट धरलं की गार लागतं. दाबलेली हवा मोकळी झाली, पसरली आणि थंड झाली. आता तीच ट्यूब जोरात भरा आणि पंपाच्या बुडाला हात लावा. गरम. निम्म्या वर्गानं हे घरी शंभरदा अनुभवलेलं असतं, फक्त त्याचा कळसूबाईशी काही संबंध असेल असं कुणाला वाटलेलं नसतं. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्री चढते, वर दाब कमी म्हणून पसरते, थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि घाटघरला ते ओतलं जातं. तीच हवा पूर्वेला उतरताना दाबली जाते, तापते. ढग विरळ होतात, उरलेले न बरसता पुढे सरकतात. हे वाक्य कुणीतरी मोडक्यातोडक्या भाषेत बोललं की मग फळ्यावर ‘प्रतिरोध पाऊस’ लिहायचं. तोवर पंचवीस मिनिटं गेलेली असतात आणि उरलेल्या दहांत पुस्तकातली आकृती आपोआप उलगडते.

एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला होता: “मग आपल्याकडं सप्टेंबरातच का झोडपतोय?” नगरचा सर्वांत भरवशाचा महिना सप्टेंबर, हे शेतकऱ्याच्या मुलाला पुस्तकानं सांगावं लागत नाही. उत्तर मला ठाऊक होतं. दुपारी तापून वर चढणारी हवा, बंगालच्या उपसागरावरून येणारी कमी दाबाची क्षेत्रं. पण ते त्याच तासाला दिलं असतं तर दोन्ही गोष्टींचा काला झाला असता. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि पुढच्या आरोह पावसाच्या तासाची सुरुवात फुकटात मिळाली.

सप्टेंबरातच आणखी एक तास मैदानावर होतो. खरं तर सावलीच्या प्रयोगाला सर्वांत देखणा दिवस शून्य सावलीचा. नगरला तो मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो. मेमध्ये शाळेला सुट्टी, जुलैत सूर्याला. म्हणून आमचा मुहूर्त विषुवदिनाचा, 22-23 सप्टेंबरचा. मीटरभर उंचीची काठी ओळंब्यानं उभी करायची आणि बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करायची. सावली बाराला सर्वांत आखूड होईल अशी सगळ्यांची खात्री असते. बारा वाजतात, सावली आखडतच राहते. सव्वाबारा होतात, तरी तेच. बारा चोवीस-पंचवीसच्या सुमारास ती थांबते आणि पुन्हा लांबू लागते. तेव्हा तिची लांबी साधारण 35 सेंटिमीटर असते. वर्गात येऊन दहा सेंटिमीटरची उभी रेघ, साडेतीनची आडवी, दोन्ही टोकं जोडायची आणि काठीच्या टोकाशी कोनमापक लावायचा. 19 अंश. आता नकाशावही उघडा आणि नगर कुठल्या आडव्या रेषेजवळ आहे ते बघा. अक्षांश हा शब्द तोवर मी उच्चारलेला नसतो. एराटोस्थेनिसनं अशाच सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला, ही गोष्टही नंतरच. आधी सांगितली तर मुलं इजिप्तमध्ये जातात आणि काठी उन्हात तशीच राहते.

वेळेचं गणित मुलं स्वतः करतात. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची, नगर पावणेपंचाहत्तरला. फरक पावणेआठ अंशांचा, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे 31 मिनिटं. सावली मात्र 24 मिनिटांनीच थांबली होती. मधली सात मिनिटं पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेची आणि कललेल्या आसाची आहेत. ती मी उघडत नाही. विचारायला कुणी आलंच तर मधल्या सुट्टीत बसतो.

क्षेत्रभेटीला नियोजन जास्त लागतं, त्यातलं निम्मं कागदांचं: पालकांची संमतीपत्रं, प्रासंगिक करारावरची एसटी, प्रथमोपचाराची पेटी. दहावीच्या पुस्तकातली क्षेत्रभेट नळदुर्गहून थेट अलिबागला जाते. आमची पारनेर तालुक्यात निघोजला. कुकडीच्या पात्रातले तिथले रांजणखळगे महाराष्ट्रभर नावाजलेले आहेत. मी आधी एकटी जाऊन पाण्याची पातळी बघून येते. काही खळगे माणूस बुडेल इतके खोल आहेत आणि काठाचा काळा पाषाण नदीनं घासून गुळगुळीत केलेला. मुलांनी कुठवर जायचं ती रेषा त्या फेरीत ठरते आणि मग तिच्यावर चर्चा नाही.

पूर्वी सहलीला प्रश्नावली द्यायची रीत होती, पंचवीस-तीस प्रश्नांची. मुलं नदी सोडून कागद भरत बसत. आता तीनच प्रश्न असतात. कोरड्या, उथळ खळग्याच्या तळात हात घाला: काय लागतं? आतली भिंत आणि वरचा खडक यांवरून तळवा फिरवा: फरक काय? दोन खळगे एकमेकांना मिळालेले शोधा: मधल्या भिंतीचं काय झालं? पहिल्याचं उत्तर मुठीत येतं, गोल झालेले गोटे आणि वाळू. हे गोटे इथेच का, बाहेर पात्रात का नाहीत, यावर मुलं आपापसांत भांडू लागली की मी लांब जाऊन उभी राहते. पुराच्या पाण्यात भोवरा, भोवऱ्यात गरगरणारा गोटा, गोट्यानं कोरलेला बेसाल्ट, हा क्रम त्यांच्या भांडणातून सहसा निघतोच. नाही निघाला तर दुसऱ्या दिवशी वर्गात निघतो. तिसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ लागतो, कारण तिथे खळग्यावरून नदीवर यावं लागतं: भिंती पडत जातात, खळगे जोडले जातात आणि पात्र खोल-अरुंद होतं.

सगळे धडे असे जमत नाहीत, हेही खरं. सागरजलाच्या क्षारतेला नगरमध्ये मीठ-पाण्याच्या बरण्यांपलीकडे माझ्याजवळ काही नाही. तो तास पुस्तकावरच होतो, आणि चालतो.

दहावीला भारताच्या जोडीनं ब्राझील आहे. 40 गुणांचा पेपर, नकाशा भरणं, आलेख. पोर्शन संपवायची घाई. इथे मात्र नगरची मुलं पुढे असतात. ब्राझीलच्या ईशान्येला उच्चभूमीच्या पर्जन्यछायेत ‘अवर्षण चतुष्कोन’ आहे. नकाशावर वाऱ्याचे बाण आणि डोंगर तेवढे दाखवले आणि तो भाग कोरा ठेवला, तर नववीच्या सुतळ्या बघितलेली मुलं तिथे पाऊस कमी असणार हे स्वतः सांगतात. पुढचा प्रश्न असतो: तिथली माणसं काय करत असतील? पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कितीतरी वाड्या-तांड्यांवरून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही बाकं तेव्हाच रिकामी होतात. त्या बाकांकडे बोट दाखवून मी कधी उदाहरण देत नाही. पण उत्तर बहुतेक वेळा अशाच घरातल्या मुलाकडून येतं: “जात असतील कुठंतरी कामाला.” कुठे जात असतील? मुलं नकाशात पाऊस, शेती आणि मोठी शहरं शोधत ब्राझीलच्या आग्नेय भागाकडे सरकतात आणि साओ पाउलोवर बोट ठेवतात. ईशान्य ब्राझीलमधले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच गेले.

पुस्तकात हवामान चौथं आणि लोकसंख्या सहावी. मी लोकसंख्या हवामानाला जोडूनच घेते आणि वनस्पती-प्राणी मागे ढकलते. वार्षिक नियोजनाच्या तक्त्यात तिथे दर वर्षी खाडाखोड दिसते. तपासणीला आलेले अधिकारी कारण विचारतात, तेव्हा त्यांनाही मी आधी कोरा नकाशाच देते.