धुराड्याचा वाटा

बेंजामिन फ्रँकलिनने १७४०च्या सुमारास फिलाडेल्फियात एक लोखंडी शेगडी घडवली. भिंतीतल्या उघड्या आगीने माणसाचं तोंड भाजतं आणि पाठ गारठते, बहुतेक ऊब धुराबरोबर वर निघून जाते, ही त्याची तक्रार होती. म्हणून त्याने आगीमागे एक पोकळ पेटी उभी केली. धूर या पेटीवरून मागे जायचा, खाली उतरायचा, जमिनीलगतच्या पोकळीतून सरकायचा आणि मग कुठे धुराड्याला लागायचा. एवढ्या वळशात धुराची उष्णता पेटीतल्या हवेने घ्यावी आणि ती तापलेली हवा खोलीत यावी, अशी योजना. १७४४मध्ये त्याने या शेगडीवर पुस्तिका छापली. गव्हर्नरने देऊ केलेलं पेटंट त्याने नाकारलं, हे त्याच्या चरित्रांत कौतुकाने सांगितलं जातं. शेगडी धुमसायची, हे तितक्या आवर्जून सांगितलं जात नाही.

धूर खाली उतरवायचा तर त्याला पुढून ओढणारं धुराडं आधीच तापलेलं हवं. फ्रँकलिनने तर ती उष्णता वाटेतच काढून घेतली होती. विस्तव जरा मंदावला की धूर खोलीत. पुढे त्याच शहरातल्या डेव्हिड रिटनहाउसने खाली उतरणारी वाट रद्द करून साधी नळी लावली, तेव्हा कुठे ती शेगडी वापरण्याजोगी झाली. विजेचा अभ्यास करणाऱ्या एवढ्या हुशार माणसाला नडला तो उष्णतेचा लोभ. लाकडाच्या शेगडीच्या आजच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशीही तोच निघतो.

धुराडं ओढतं म्हणजे काय, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. बाहेर १० अंश सेल्सिअस तापमान असेल तर एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२५ किलो भरतं. धुराड्यातला वायू सरासरी २०० अंशांवर असेल तर तेवढ्याच जागेतला वायू ०.७५ किलोचा. पाच मीटर उंचीच्या धुराड्यात या फरकातून जेमतेम २५ पास्कल दाब तयार होतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे चार हजारावा भाग. शेगडीत हवा खेचणारी सारी ताकद एवढीच. धुराड्याचं सरासरी तापमान ८० अंशांवर आलं की ती निम्मी होते. स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा मोठा पंखा बंदिस्त घरात सहज पाच पास्कल उलटा दाब निर्माण करू शकतो. मग नवी कोरी महागडी शेगडी दार उघडताच तोंडावर धूर सोडते आणि दोष कारखान्याला लागतो.

शेगडी स्वतः काहीच ओढत नाही. ओढतं ते धुराडं, आणि या कामाची मजुरी ते उष्णतेत घेतं.

ओढ कळली तरी अर्धीच गोष्ट कळते. लाकूड हे घन इंधन दिसतं, पण तापल्यावर त्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायू आणि वाफा होऊन बाहेर पडतो. उरतो तो कोळसा. लाकडातली निम्म्याहून अधिक ऊर्जा या वायूंत असते. ते पेटले तर ज्योत, न पेटता निसटले तर धूर. धुराड्याच्या आत काळा चिकट थर साचतो तोही त्यांचाच, आणि धुराड्याला आग लागते ती याच थरामुळे. हे वायू पेटायला साधारण ६०० अंश तापमान, ताजी हवा आणि दोन्ही नीट मिसळायला क्षणभर उसंत लागते. आजच्या शेगडीत आगीच्या वर भोकं पाडलेल्या आडव्या नळ्या असतात. त्यांतून तापलेली हवा धुरावर सोडली जाते, आणि सगळं जुळलं की लाकडापासून सुटी, छताखाली तरंगणारी ज्योत दिसते. हे दुसरं ज्वलन.

या नळ्या आल्या त्यामागे एक फसलेला प्रयोग आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत लाकडाकडे परतलेल्यांनी हवाबंद शेगड्या घेतल्या. रात्री गच्च लाकूड भरायचं, हवा जवळजवळ बंद करायची आणि सकाळपर्यंत धुमसू द्यायचं. लाकूड पुरलं, पण दुसरं ज्वलन पार बंद पडलं. मोंटाना राज्यातलं मिसूला हे डोंगरांनी वेढलेलं गाव हिवाळ्यात धुराखाली दडपून जाऊ लागलं. ऑरेगन राज्याने आधी नियम केले, आणि १९८८मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने देशभर मर्यादा घातली. जुन्या शेगड्या तासाला १५ ते ३० ग्रॅम धूरकण सोडत. २०२०पासून नव्या शेगडीला ठरावीक मापाच्या लाकडावर २ ग्रॅम आणि साध्या सरपणावर २.५ ग्रॅम एवढीच मुभा आहे.

मात्र प्रयोगशाळेत हे आकडे मिळतात ते सुमारे १५ फूट सरळ उभ्या धुराड्यावर आणि ठरावीक ओलाव्याच्या लाकडावर. घरी ते धुराडं दोनदा वळतं, बाहेरच्या थंड भिंतीने चढतं आणि कौलांच्या कड्याशी संपतं. ‘वरची ज्योत दिसतच नाही’ ही तक्रार आली की जाणते कारागीर म्हणूनच शेगडीकडे सगळ्यात शेवटी पाहतात.

पहिला संशय लाकडावर. ओलाव्याचं मापक बाहेरून टोचून उपयोग नाही. ओंडका चिरून आतल्या ताज्या अंगाला टोचायचं, आणि आकडा २० टक्क्यांच्या आत यायला हवा. ओकसारखं जड लाकूड चिरून रचून ठेवलं तरी वाळायला दोन वर्षं घेतं. ‘वाळलेलं’ म्हणून विकलेलं लाकूड पुष्कळदा तसं नसतं, हा व्यवहार सगळीकडे सारखाच. इथे एक गंमत आहे. दहा किलो लाकडात चार किलो पाणी असलं तरी त्याची वाफ करायला एकूण ऊर्जेच्या दहाव्या भागाइतकीही उष्णता लागत नाही. तोटा उष्णतेच्या बेरजेत नाही, वेळेत आहे. लाकूड टाकल्यावर वायूंचा पहिला मोठा लोट सुटतो नेमका त्याच वेळी पाणी आगीला थंड करतं. ६०० अंश गाठले जात नाहीत, लोट तसाच वर जातो, धुराडं गार पडतं, ओढ घटते, हवा कमी येते आणि आग आणखी मंदावते. एकदा हे चक्र फिरलं की दारात बसून फुंकण्याखेरीज हातात काही राहत नाही.

दुसरा संशय घरावर. शेगडीजवळची खिडकी दोन बोटं उघडायची. धूर लगेच वळला तर शेगडी निर्दोष, घरच हवेसाठी भुकेलं आहे. पेटवण्याआधी शेगडीच्या दारापाशी उदबत्ती धरली तर तिचा धूर कुठे जातो ते सगळं सांगून टाकतो. खोलीकडे आला तर धुराड्यात गार हवा खाली उतरते आहे. तळघरातल्या शेगड्यांना हा त्रास हमखास. अशा वेळी आधी एक-दोन कागद पेटवून धुराडं तापवून घ्यावं लागतं.

मग धुराडं. वरच्या टोपीला पाखरांसाठी लावलेली जाळी काजळीने बुजते, ही फार सामान्य आणि फार क्वचित तपासली जाणारी गोष्ट. धुराड्याचं टोक छपराच्या वर किमान तीन फूट, आणि दहा फुटांच्या परिघातल्या कशाहीपेक्षा दोन फूट उंच असावं, असा अमेरिकेतला प्रघात आहे. सहा इंची तोंडाची शेगडी जुन्या रुंद विटांच्या धुराड्याला तशीच जोडली तर वायू पसरतो, रेंगाळतो आणि थंड होतो. आत सहा इंची पोलादी नळी सोडली की तीच शेगडी चालू लागते. उलटही घडतं. फार उंच धुराडं इतकं ओढतं की वायूंना जळायला उसंतच मिळत नाही. ओढ भरपूर आणि वरची ज्योत मात्र नाही, असं दिसलं तर हा प्रकार तपासावा. सफाईनंतर शेगडीतल्या नळ्यांवरची आडवी फळी जागेवर न बसणं हेही एक कारण, कारण मग वायू नळ्या चुकवून थेट पळतो.

आणि शेवटी वापरणारा. लाकूड टाकून लगेच हवा कमी करणं ही त्या हवाबंद शेगड्यांच्या काळातली सवय अजून गेलेली नाही. निखारे पुढे ओढून, लाकूड मागे ठेवून, नवं लाकूड चांगलं पेट घेईपर्यंत हवा मोकळी ठेवायची आणि मग टप्प्याटप्प्याने कमी करायची. या वेळात बरीच ऊब धुराड्यात जाते. जाऊ द्यावी.

आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात यातली निम्मीच विद्या आहे. मधली नळी हे उत्तम धुराडं, खाली जाळी, हवा सपाट्याने खेचली जाते. पण नळीभोवती पाणी असतं आणि पाणी १०० अंशांवर जात नाही. धूर त्या थंड भिंतीला लागतो आणि पुरता जळण्याआधीच विझतो. बंबाची नळी काळी पडते ती त्यामुळे. आधी पूर्ण जाळा आणि मग उष्णता घ्या, हा क्रम तिथे पाळताच येत नाही. ऑरेगनमधल्या अप्रोव्हेचो संस्थेत लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात जी रॉकेट चूल बसवली, तिचा सारा भर या क्रमावर होता: जळण्याची जागा उष्णतारोधक, भांडं त्यानंतर.

धूर नसलेली चूल ही आपल्याकडेही जुनी आस. वर्ध्याच्या मगनवाडीचं नाव लावणारी मगन चूल, हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३मध्ये पुस्तिकेतून मांडलेली धुराड्याची चूल, आणि १९८३पासून जवळजवळ दोन दशकं चाललेला केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम. या कार्यक्रमात तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. त्यांचं घराघरांत काय झालं असावं, याचा अंदाज ओडिशातल्या एका नंतरच्या अभ्यासावरून येतो. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ग्राम विकास संस्थेने बसवलेल्या धुराड्याच्या मातीच्या चुलींचा चार वर्षं मागोवा घेतला. २०१६मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की बायकांच्या छातीत जाणारा धूर पहिल्या वर्षी घटला आणि पुढे फरक उरला नाही. प्रयोगशाळेत चुली ठीकच होत्या. घरात त्या नेमाने वापरल्या गेल्या नाहीत, आणि धुराडी साफ करणं, भेगा लिंपणं हे होईनासं झालं.

याचं खापर घरच्या बाईवर फोडणं सोपं आहे, आणि ते फोडलंही गेलं. पण दोन वैलांच्या चुलीत दुसऱ्या वैलावर भांडं नसलं की तिथून गार हवा धुराड्यात शिरते आणि ओढ तुटते. एक भाजी, चार भाकरी एवढाच स्वयंपाक असलेल्या घरात दुसरा वैल दिवसभर झाकून ठेवायचा कोणी? पहिल्या वैलाचं तोंड घरच्या मोठ्या पातेल्याला पुरेना तर ते कोयत्याने वाढवायचं नाही, हेही तिला कोणी सांगायचं? अमेरिकेत धुराडं झाडायला वर्षातून एकदा पैसे घेऊन माणूस येतो, त्याचा तो धंदा आहे. सुधारित चुलीच्या अंदाजपत्रकात चूल बसवणाऱ्याचे पैसे होते. काजळी काढणाऱ्याचे कोणाच्याच हिशेबात नव्हते.