जलपरी हवीच, पण वारली रेषेतली

मुलांच्या बाथरूमला परीकथेचं रूप द्यायचं म्हटलं की आधी जलपरीची स्टिकर्स आठवतात. वसई-विरारमध्ये ती फार टिकत नाहीत. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर टाइल्सवर बसतो आणि तो घासताना स्टिकरची कडही सुटते. म्हणून खर्च टाइल्सच्या वरच्या, पाणी न उडणाऱ्या पट्ट्यावर करावा: गेरूच्या छटेचा ऑइलपेंट आणि त्यावर पांढऱ्या रंगात आपल्याच पालघर जिल्ह्यातली वारली शैली. तांदळाच्या पिठाचा मूळ रंग इथल्या ओलीत टिकणार नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड, वर गोल ठेवला की डोकं. लहान मूलही ते काढू शकतं.

वारलीत अद्भुत काय, असं कोणी विचारेल. तारपा वाजवणाऱ्याभोवती वेटोळं घेणारा नाच, मोर, मासे आणि शेजारी वसईच्या किल्ल्याचा बुरूज, एवढ्या पसाऱ्यात जलपरी सहज सामावते. श्रद्धेचा आक्षेप मात्र खरा आहे. वारली लग्नात भिंतीवर काढल्या जाणाऱ्या लग्नचौकातली पालघट देवी पूजेची आहे. तिचं चित्र न्हाणीघरात काढू नये.