शरबताच्या मनुका आणि घरचा कुत्रा



नेपरव्हिलला लेकीकडे शब्बाथच्या किद्दुशसाठी मी काळ्या मनुकांचे शरबत करते. एका शुक्रवारी गाळलेला चोथा नातवाने कुत्र्यापुढे ठेवला. मी धावत जाऊन वाडगा उचलला. मनुका नैसर्गिक खऱ्या, पण थोड्या मनुकांनीही कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील लाल पेशी फोडतात. शिजलेली हाडे तुटून आतड्यात टोचतात. मांजराला नुसता दूधभात पुरत नाही. मांसातले टॉरिन न मिळाल्यास डोळे व हृदय बिघडते.

घरचे द्यायचेच तर मीठ-मसाला घालण्यापूर्वी बाजूला काढलेली, बिनहाडाची उकडलेली कोंबडी थोडी द्या. रोजचे जेवण मात्र जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. कुत्र्याने मनुका खाल्ल्या, तर त्रास दिसेपर्यंत थांबू नका. लगेच त्यांना फोन करा.