दोन फांद्या कुठून फुटल्या?

भरतीची जाहिरात येवो न येवो, बुलडाणा जिल्ह्यातली पहाटेची धाव थांबत नाही. चिखली, मेहकर, लोणारकडच्या रस्त्यांवर ऐन थंडीतही पोरं पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. पळता पळता कुणाच्या छातीत कळ आली, कुणी भोवळ येऊन पडलं, तर सोबतचे तोंडावर पाणी मारतात, ‘उपाशी पळाला असेल’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. नसतं तेव्हा काय, हा प्रश्न आहे.

महाधमनी हृदयातून निघते तिथे, झडपेच्या अगदी वर, तिला तीन फुगवटे असतात. डाव्यातून डावी हृदयधमनी फुटते, उजव्यातून उजवी, तिसरा रिकामा. हृदयाच्या स्नायूचं पोषण या दोन फांद्यांवरच. शंभरातल्या जेमतेम एखाद्याच्या शरीरात या मांडणीत जन्मापासून काही फरक असतो आणि बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. एखादी उपफांदी महाधमनीच्या मागून वळसा घालून गेली, तर सहसा काही बिघडत नाही. घात होतो तो डावी धमनी उजव्या फुगवट्यातून निघून महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधून वाट काढते तेव्हा. अशा वेळी तिचा सुरुवातीचा तुकडा पुष्कळदा महाधमनीच्या भिंतीच्या आतूनच सरकतो. तिचं तोंड गोल न राहता अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखी फट होते. बसल्या माणसाला त्यातून रक्त पुरतं. धावताना महाधमनी ताणली जाते, ठोके वाढतात, भिंतीतला तुकडा चेपतो आणि मागणी वाढली नेमका तेव्हाच पुरवठा तुटतो. उजवी धमनी डावीकडून निघण्याचा प्रकार अधिक आढळतो, पण त्यात धोका कमी.

दणकट शरीर ही याविरुद्धची हमी नाही. अमेरिकेचा पीट मॅराविच दहा हंगाम व्यावसायिक बास्केटबॉल खेळला आणि ५ जानेवारी १९८८ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मित्रांबरोबर सहज खेळताना कोसळला. शवविच्छेदनात दिसलं की त्याला डावी हृदयधमनी जन्मतःच नव्हती. २००० साली इटली आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा दोषांमुळे अचानक मरण पावलेल्या २७ तरुण खेळाडूंचा अभ्यास मांडला. त्यांच्यापैकी ज्यांची ईसीजी निघाली होती त्यांची पट्टी नॉर्मल. ज्यांना ट्रेडमिलवर पळवलं होतं त्यांची चाचणीही नॉर्मल. ‘पट्टी काढली, काही नाही’ हे वाक्य आपल्याकडे दिलासा म्हणून घेतात. या दोषापुरता त्या दिलाशाला फारसा अर्थ नाही.

पुढची पायरी टू-डी इको. १९५३ साली स्वीडनच्या लुंड शहरात एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय टिपलं, तिथून ही तपासणी सुरू झाली. सडपातळ मुलांत अनुभवी हाताला दोन्ही धमन्यांची मुखं इकोवर दिसू शकतात. पण मुद्दाम शोधली तरच! छिद्र, झडपा आणि पंपाची ताकद पाहून तपासणी आटोपली, तर ही मुखं पाहायची राहून जातात. चक्कर आलेल्या धावपटूच्या रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख नसेल, तर तो मागून घ्यावा.

शंका उरली की सीटी कोरोनरी अँजिओग्राफी. धडधडणारं हृदय स्थिर टिपायचं ही या यंत्राची खरी कसोटी, म्हणून सगळी तयारी ठोक्यांभोवती फिरते. गरजेप्रमाणे गोळी देऊन नाडी साठच्या आसपास आणतात, जिभेखाली औषध देऊन धमन्या सैल करतात, क्रिएटिनिन पाहून हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव सोडतात. अंगभर ऊब पसरते, काही सेकंद श्वास रोखायचा. ईसीजीच्या तालावर यंत्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे काप घेतं. नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीत धमनीच्या पोकळीची सावली दिसते, शेजारी दिसत नाहीत. इथे शेजारच कळतो: फांदी दोन महावाहिन्यांच्या मधून गेली की खाली, हृदयाच्या पडद्यातून गेली. पडद्यातली सहसा निरुपद्रवी असते, म्हणून हा फरक नुसता पुस्तकी नव्हे.

मग साऱ्या पोरांचं सीटी करावं का? नाही. किरणोत्सर्ग आहे, खर्च आहे, आणि निरुपद्रवी फरक सापडून घरोघरी भीती पसरेल ती वेगळी. चाळणी प्रश्नांनीच लावायची: पळताना छातीत दुखलं का? पळता पळता शुद्ध गेली का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, पण त्यांची हद्द अठराव्या वर्षी संपते. भरतीची धाव सुरू होते ती तिथूनच. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्यातल्या घाटाखालच्यांना अकोला जवळ, घाटावरचे बरेचजण छत्रपती संभाजीनगर गाठतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या बुलडाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडून माझी अपेक्षा मोठ्या यंत्राआधी हे प्रश्न मैदानापर्यंत नेण्याची आहे.

दोष पक्का झाला की आधी धाव बंद. शस्त्रक्रियेत भिंतीतल्या तुकड्यावरचं छत उघडतात किंवा धमनी योग्य जागी पुन्हा जोडतात. त्यानंतर निदान तीन महिने, काही त्रास नाही आणि पूर्ण ताणाच्या ट्रेडमिलवर रक्तपुरवठा कुठे कमी पडत नाही हे पाहूनच पुन्हा मैदानाचा विचार.