हुकूमशाही पडद्यावरची आणि कोर्टातली

जुलमी राजवट आणि तिच्याविरुद्धचा उठाव हा जगभरच्या सिनेमावाल्यांचा आवडता विषय आहे. जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीवरचा, १९८४ सालीच आलेला मायकेल रॅडफर्डचा 'नाइन्टीन एटी-फोर', २००६ मध्ये पडद्यावर आलेला 'व्ही फॉर व्हेन्डेटा', २०१२ पासून निघालेली 'हंगर गेम्स' मालिका. या सगळ्यांची मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच. काळ उद्याचा. राज्यकर्ता भल्यामोठ्या पडद्यावरून प्रजेला दरडावतो, गणवेशातले शिपाई माणसे उचलून नेतात आणि मग एखादा नायक किंवा नायिका उभी राहते. आपल्या कुळगाव, अंबरनाथ, उल्हासनगर पट्ट्यातली तरुण पोरेही हे सिनेमे मोबाईलवर आवडीने पाहतात. त्यात वावगे काही नाही. २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा निदर्शकांनी 'हंगर गेम्स'मधली तीन बोटांची खूण रस्त्यावर आणली आणि बंदुका हाती असलेल्या लष्कराला त्या तीन बोटांचीही धास्ती वाटली. सिनेमा माणसाला धीर देतो, हे खरेच.

पण आंबेडकरी माणसाने हे सिनेमे पाहताना एक प्रश्न विचारला पाहिजे. गावकुसाबाहेरची वस्ती, पाणवठ्यावर बंदी, शिक्षणाला मनाई, कोणी कोणत्या रस्त्याने चालावे याचे नियम, हे सारे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले, त्या समाजाला जुलमी राजवट कल्पनेने रंगवण्याची गरज आहे काय? पाश्चात्त्य दिग्दर्शकाला जे उद्याचे दुःस्वप्न वाटते, तो आपल्या पणजोबांचा रोजचा दिवस होता. त्या राजवटीलाही कायद्याचे पुस्तक होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ते जाळले गेले. म्हणून आपल्याला माहीत आहे की जुलूम नेहमी बूट वाजवतच येतो असे नाही. पुष्कळदा तो नियम, रूढी आणि कागद घेऊन येतो.

हे ओळखणारा सिनेमा आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ मध्ये आला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात काळ आजचा आहे आणि शहर मुंबई आहे. नारायण कांबळे नावाच्या वयोवृद्ध लोकशाहिराला कार्यक्रम चालू असताना पोलीस उचलतात. आरोप काय, तर त्याचे गाणे ऐकून एका गटार कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली! शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार नागपूरचे, आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक. १३ एप्रिल २०२१ रोजी कोरोनाने त्यांना आपल्यातून नेले.

या सिनेमात कोणी ओरडत नाही, कोणी छळ करताना दिसत नाही. सरकारी वकील बाई खटला संपवून लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात. न्यायाधीश बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचे प्रकरण ऐकायचे नाकारतात. सरकारी पक्षाच्या हाती १८७६ सालचा, इंग्रजांनी नाटकवाल्यांचे तोंड बंद करण्यासाठी केलेला कायदा आहे. पोलिसांचा साक्षीदार ठरलेला, अनेक खटल्यांत तोच. मृत कामगाराची पत्नी साक्षीत सांगते की नवऱ्याला सुरक्षेची साधने मिळत नव्हती, गॅसने त्याचा एक डोळा गेला होता, आणि वास सहन व्हावा म्हणून तो दारू पिऊन उतरत असे. गटारात माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या गुन्ह्याचा आरोपी मात्र पिंजऱ्यात नाही, पिंजऱ्यात आहे त्यावर गाणे म्हणणारा. शेवटी जामिनावर सुटलेल्या शाहिराला यूएपीए लावून पुन्हा पकडतात आणि कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते.

उल्हासनगर किंवा कल्याणच्या कोर्टाची पायरी ज्याने चढली आहे, त्याला यातले काहीच नवे वाटणार नाही. तारीख पडते, साक्षीदार येत नाही, कागद सापडत नाही, पुढची तारीख पडते. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला तारीख म्हणजे सवलत. ज्याची रोजी बुडते किंवा जो तुरुंगात आहे, त्याला तारीख हीच शिक्षा.

'कोर्ट' काल्पनिक आहे म्हणून कोणी हात झटकू नये. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा २०११ चा माहितीपट त्याच्या आधीचा आहे आणि त्यातले प्रत्येक माणूस खरे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण मरण पावले. टँकर पेटवले जाणार होते, असे पोलिसांनी सांगितले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. शाहीर विलास घोगरेंनी त्या दुःखात जीवन संपवले. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा व्हायला २००९ साल उजाडले, आणि त्यालाही जामीन मिळाला. दुसरीकडे कबीर कला मंचाच्या कलावंतांना यूएपीएखाली २०११ नंतर आणि पुन्हा भीमा कोरेगाव प्रकरणात २०२० मध्ये अटका झाल्या. त्याच प्रकरणात ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी जामिनाची वाट पाहत ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच गेले. आता जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यातली बेकायदा कृत्याची व्याख्या इतकी सैल आहे की उद्या कोणता मोर्चा, कोणते गाणे तीत बसेल ते सांगता येणार नाही.

सत्तेला सिनेमाची भीती वाटते हे जुनेच आहे. आणीबाणीत अमृत नहाटांच्या 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या गेल्या. १९७९ मध्ये सत्र न्यायालयाने संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल यांना दोषी ठरवले, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोघे सुटले. आज प्रती जाळाव्या लागत नाहीत, कात्री पुरते. २०२५ मध्ये 'फुले' चित्रपटातून जातींची नावे आणि 'पेशवाई' हा शब्द काढायला परीक्षण मंडळाने सांगितले आणि ११ एप्रिल या महात्मा फुल्यांच्या जयंतीला येणारा चित्रपट दोन आठवडे लांबला. जातीचे नाव काढले की जातीचा गुन्हा कोणी केला हे कळत नाही. २०२१ मध्ये केंद्राने चित्रपटांचे अपील न्यायाधिकरणही बंद केले. आता लहान निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावे लागते, आणि तिथला खर्च त्याला परवडत नाही.

या बाबतीत आपली कसोटी कोणती? १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन खटल्यात सांगितले की निदर्शनांच्या धमकीपुढे वाकून अभिव्यक्ती दडपता येणार नाही. तो निकाल ज्या तमिळ चित्रपटासाठी लागला, तो आरक्षणाच्या विरोधातला होता! आपल्याला तो चित्रपट पटणार नाही. पण उद्या एखाद्या गावगुंडाने 'फुले' बंद पाडला, तर आपला वकील हाच निकाल कोर्टापुढे ठेवणार. कायद्याची ढाल नावडत्या माणसालाही मिळाली, तरच ती आपल्याला मिळते.

आणि हेच आपल्या दारात घडलेल्या गोष्टीलाही लागू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवायला पोलिसांनी विलंब लावला. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, तासन्‌तास लोकल थांबल्या. तो राग न्याय्य होता. त्या लोकांवर लाठ्या चालल्या, गुन्हे दाखल झाले. २३ सप्टेंबरला तळोजा तुरुंगातून नेत असताना पोलिसांच्या गाडीतच आरोपी गोळीने ठार झाला. पोलिसांनी स्वसंरक्षणाचे कारण दिले. फटाके फुटले, मुंबईत 'बदला पुरा'चे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला, त्यात पाच पोलिसांवर ठपका होता.

त्या मुलींना न्याय मिळालाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. साक्षीपुरावा होत नाही, उलटतपासणी होत नाही, आणि कोणी काय दडवले हे त्या कोर्टात कधीच उघड होत नाही. टाळी वाजवणाऱ्यांना वाटले गुन्हेगार संपला. प्रत्यक्षात मुलींची बाजू कोर्टात मांडण्याची संधी संपली. २००४ च्या 'अब तक छप्पन'सारख्या सिनेमांनी आपल्याला या टाळीची सवय लावली आहे. जो तरुण रात्री 'व्ही फॉर व्हेन्डेटा' पाहून हुकूमशहाला शिव्या देतो आणि सकाळी कोठडीतल्या गोळीबाराचा आनंद साजरा करतो, त्याला आपण कोणत्या बाजूचे ते कळलेले नाही. ज्या पोलिसाला खटल्याविना मारण्याची मुभा मिळते, तो पुढची गोळी कोणाच्या वस्तीत झाडतो? रमाबाई नगराने याचे उत्तर दिलेले आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. मुखवटेधारी नायक काय आणि पिस्तूलधारी पोलीस काय, दोघांचीही भक्तीच. बाबासाहेबांचा मार्ग निराळा होता. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाबद्दल दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदींना शिक्षा झाली तेव्हा १९२६ मध्ये बॅरिस्टर आंबेडकर पुण्याच्या कोर्टात उभे राहिले आणि कायद्याच्याच मुद्द्यावर त्यांनी त्यांना सोडवले. चवदार तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्या माणसाने त्या तळ्याचा दावाही मुंबई उच्च न्यायालयापर्यंत, १९३७ पर्यंत लढवून जिंकला.

तेव्हा आपल्या विहारांतून 'कोर्ट' आणि 'जय भीम कॉम्रेड' जरूर दाखवावेत. मात्र सिनेमा संपल्यावर दिवे लावून उठून जाऊ नये. वस्तीतल्या एखाद्या वकिलाला पुढे बसवून अटक झाल्यावर काय करायचे हे तरुणांना समजावून घ्यावे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, अटकेचे कारण सांगणे, आपल्या पसंतीचा वकील, हे संविधानाच्या बाविसाव्या कलमात आहे. तक्रार न घेणाऱ्या ठाणे अंमलदाराविरुद्ध कुठे जायचे, जामीनदार कोण राहणार, तारखेला कोर्टात कोण जाणार, याची वहीच प्रत्येक शाखेने ठेवावी. नारायण कांबळेच्या तारखेला कोर्टाची बाके रिकामी होती. आपल्या माणसाच्या तारखेला ती भरलेली असावीत.